समासातली गोगलगाय

आई अमिरातीत आली ती दादाकडे, माझ्याकडे नाही. हे तिच्या व्हिसाच्या आधीच ठरलेलं होतं. दादाचं घर अबू धाबीत, अल रीम आयलंडवर, उंचावर, बाल्कनीतून पाणी दिसणारं. मी दुबईत, अल कुसैसला, चार मुलींच्या फ्लॅटमध्ये राहते. तिथे आईला झोपवणार कुठे? त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

तक्रार वेगळीच होती. आई विमानातून उतरली त्याच संध्याकाळी मी तिच्या हातात माझ्या पहिल्या पुस्तकाचं बाड ठेवलं आणि म्हटलं, "परत जायच्या आधी वाचून दे. तू वाचल्याशिवाय मी प्रकाशकाला पाठवणार नाही."

"उशाशी ठेव," आई म्हणाली.

ठेवलं. मग आठवडे गेले आणि आई माझ्या पुस्तकाबद्दल चकार शब्द बोलेना. ती बोलायची ते दुसऱ्याच एका पुस्तकाबद्दल. तेही पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या कुठल्याशा श्रीमंत बाईच्या प्रार्थनेच्या पुस्तकाबद्दल. आणि ते तिला दाखवलं होतं वहिनीने.

माझ्या आईला प्रार्थनेचं पुस्तक आवडावं, यातली गंमत कळायला आमचं घर माहीत असायला हवं. इचलकरंजीत बाबांनी आयुष्यभर यंत्रमाग कामगारांची संघटना चालवली. आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. बाबा येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचे, आई जमिनीवर मांडी घालून स्टेन्सिलवर अक्षरं कोरायची, आणि मग सायक्लोस्टाइलच्या यंत्रातून ओल्या शाईच्या वासाचे कागद बाहेर पडायचे. मी 'क' शिकले तो कमळाचा नाही, कामगाराचा. 'स' संपाचा. शाळेत निबंध लिहिला तर आई तांबडी पेन्सिल घेऊन बसायची आणि विचारायची, "हे वाचून माणसाने काय करायचं?" त्याचं उत्तर देता आलं नाही तर तो परिच्छेद गेला. मी आजवर जे काही लिहिलं ते आईच्या पेन्सिलीखालून गेलं. बाबा गेल्यावर ती पेन्सिल माझ्या एकटीची झाली, असं मी समजून चालले होते.

वहिनी पुण्याची. कलेचा इतिहास शिकली आणि अबू धाबीतल्या एका मोठ्या संग्रहालयात शाळेच्या मुलांना वस्तू दाखवायचं काम करते. तिचा आवाज मऊ आहे. ती बोलत असताना ऐकणाऱ्याला वाटतं की जगात कुणालाच कसली घाई नाही. मला नेहमी घाई असते. मी एका बिल्डरच्या जाहिरात विभागात नोकरी करते, टॉवर्सच्या पुस्तिकांसाठी 'स्वप्नवत' आणि 'अलौकिक' असले शब्द पुरवते, आणि उरलेल्या वेळात त्या टॉवर्सच्या विरुद्ध लेख लिहिते. अशा माणसाला मऊ आवाज परवडत नाही.

एका शनिवारी बर दुबईतून बस पकडून मी अबू धाबीला गेले, तर आई तयार होऊन बसलेली. "चल, तुला पण दाखवू," म्हणाली. 'पण' या शब्दानेच माझं डोकं फिरलं.

संग्रहालयातली ती खोली जवळजवळ अंधारीच होती. काचेच्या पेटीत ते पुस्तक उघडं ठेवलेलं. तळहातात मावेल एवढं. मला काहीतरी अवाढव्य असेल असं वाटलं होतं. डाव्या पानावर देवदूत आणि मरियम, मागे निळं आभाळ, त्यात सोन्याच्या वर्खाचे बारीक ठिपके. खालच्या कोपऱ्यात हिरव्या झग्यातली एक बाई गुडघे टेकून बसलेली, झग्याच्या घोळाजवळ तिचा छोटा कुत्रा. उजव्या पानावर काळ्या अक्षरांच्या ओळी. त्यांतलं पहिलं अक्षर एवढं मोठं आणि सोनेरी, की त्यात एखादं माणूस राहायला जाईल. आणि चारी बाजूंच्या समासात वेली, स्ट्रॉबेरी, एक फुलपाखरू. एका बाजूला चिलखत घातलेला शिपाई उभा होता, त्याच्या हातून तलवार सुटलेली, कारण त्याच्यासमोर शिंगं रोखून एक गोगलगाय आली होती.

"ही हिरवी बाई म्हणजे पुस्तकाची मालकीण," वहिनी म्हणाली. "अशा पुस्तकांत मालकिणीला चित्रात घालायची पद्धत होती."

"म्हणजे देवाच्या शेजारी स्वतःचा फोटो," मी म्हणाले.

"हो, तसंच," वहिनी हसली.

"आणि ही पानं कागदाची नाहीत ना? वासराच्या कातड्याची ना? एका बाईला देवाचं नाव घेता यावं म्हणून किती वासरं कापली असतील?"

"पुष्कळ," वहिनी शांतपणे म्हणाली.

समोरच्याने मान्यच करून टाकल्यावर भांडायचं कुणाशी? मी आईकडे पाहिलं. माझ्या बाजूने आई तरी काही बोलेल असं वाटलं. आई काचेला नाक लावून उभी होती.

"बाळा, ते आत काय काय असतं ते हिला सांग ना," आई म्हणाली. बाळा म्हणजे वहिनी. मला आई 'अगं' म्हणते.

वहिनीने सांगितलं. सुरुवातीची पानं आपल्या पंचांगासारखी, रोजच्या संतांची नावं काळ्या शाईत आणि मोठे सण तांबड्या. मग मरियमच्या प्रार्थना, दिवसाचे आठ भाग करून, आपल्या आठ प्रहरांसारख्या, पहाटेपासून झोपेपर्यंत. त्यानंतर पश्चात्तापाची स्तोत्रं, मग संतांच्या नावांची लांबच लांब माळ, मेलेल्यांसाठी प्रार्थना. आणि शेवटी ज्याला जे लागेल ते. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून, प्रवास नीट व्हावा म्हणून, दात दुखायचे थांबावेत म्हणून.

"दाताचीसुद्धा?" आईने विचारलं. तिने हे आधी ऐकलेलं असणार, पण पुन्हा ऐकायचं होतं.

"हो आई. दातांची संतच वेगळी आहे."

"बाई व्यवहारी होती," आई मला म्हणाली, जणू तिच्याच एखाद्या मैत्रिणीची शिफारस करत होती.

"आई, तू देव मानत नाहीस."

"नाहीच मानत. देव होता की नव्हता ते राहू दे. बाई होती ना?"

मग वहिनी म्हणाली की त्या काळी आया मुलींना अक्षरं शिकवायच्या त्या याच पुस्तकांवरून, आणि हे ऐकून आईने वळून पाहिलं ते वहिनीकडे. त्या खोलीत आईने जिला अक्षरं शिकवली होती अशी एकच बाई उभी होती, आणि ती मी होते.

पेटीतलं पान दर काही महिन्यांनी उलटतात, नाहीतर उजेडाने रंग उडतात, असं कळल्यावर आई हळहळली. "म्हणजे पुढचं पान उलटेल तेव्हा मी इचलकरंजीत."

"आमच्याकडे शाळेच्या मुलांना हाताळायला अशाच एका पुस्तकाची हुबेहूब छापील प्रत आहे," वहिनी म्हणाली. "चला माझ्याबरोबर कामावर. हवं तेवढा वेळ बसा."

झालं. त्या सोमवारपासून आई रोज वहिनीच्या गाडीत बसून कामावर जायला लागली. संध्याकाळी मी फोन करायची तर तिकडून ताजी बातमी मिळायची. आज आम्ही पंचांगातल्या ऑक्टोबरच्या पानावर काढलेली पेरणी पाहिली. आज एक माकड सापडलं, लघवीची बाटली हातात धरून वैद्याची नक्कल करतंय. आज कळलं की लिहिणारा वेगळा, तांबडी अक्षरं घालणारा वेगळा, वर्ख लावणारा वेगळा आणि वेली काढणारा वेगळा.

"म्हणजे कारखानाच," मी म्हणाले. "त्यांची युनियन होती का?"

"तुझ्या वहिनीला विचारते हं," आई खरोखरच म्हणाली.

"आणि माझं बाड?"

"आहे गं उशाशी."

फोन ठेवल्यावर मी इमारतीच्या जिन्यात बसून राहायची. मत्सर ही मालमत्ता असणाऱ्यांची भावना आहे, असं बाबांनी एका पत्रकात लिहिलं होतं. माझ्यापाशी मालमत्ता म्हणावी अशी एकच गोष्ट होती, आईचं वाचणं, आणि तिच्यावर दुसऱ्या कुणी हक्क सांगावा हे मला सहन होत नव्हतं. वहिनीने काही हिसकावलं असतं तर बरं झालं असतं. मी लढले असते, लढायला मला येतं. पण ती काहीच मागत नव्हती. आईला गाडीतून नेत होती आणि आणत होती. त्या चांगुलपणाविरुद्ध काढायला माझ्यापाशी पत्रक नव्हतं.

आईचा व्हिसा संपत आला होता. पुढच्या शनिवारी मी ठरवूनच गेले. आज विचारायचं आणि उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही.

दार दादाने उघडलं आणि तो लगेच जिमला पळाला. वहिनी स्वयंपाकघरात थालीपीठं थापत होती. आई जेवणाच्या टेबलाशी वाकून बसलेली, शेजारी माझी सहा वर्षांची भाची रंगीत खडू घेऊन.

"आत्या, लुक! आजी मेड अ स्नेल!" भाची ओरडली आणि तिने कागद उचलून माझ्या तोंडासमोर धरला.

गोगलगाय सुंदर होती. शिंगं रोखून चालली होती, आणि तिच्यापुढे शिपाई नव्हता, एक तोंदील मालक होता, त्याच्या हातून छत्री सुटलेली. भोवती वेल फिरत गेलेली, प्रत्येक पानाच्या शिरा काढलेल्या. मला हसू येणार तेवढ्यात कागदातून पलीकडची अक्षरं दिसली. मी तो उलटा केला. माझा तिसरा लेख होता.

"आई, हे माझं बाड आहे."

"हो की."

"तू त्याच्यावर चित्रं काढतेयस?"

"त्याच्यावर कुठे? पाठीवर. पाठकोरे होते ना कागद."

ज्याच्या घरात पत्रकं नव्हती त्याला हे वेड वाटेल. आमच्याकडे उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर सगळं चालायचं. दादाची गणितं, माझे निबंध, दुधाचा हिशेब, पाहुण्यांना पत्ता. एका बाजूने कोरा असलेला कागद तसाच पडू देणं हे आमच्या घरात अन्न टाकण्यासारखं होतं. आणि मी शहाणीने ऑफिसच्या प्रिंटरवर सगळं बाड एकाच बाजूने छापून आणलं होतं, आईला शेरे लिहायला मागे भरपूर जागा मिळावी म्हणून. तिने ती जागा भरली होती. मी पानं उलटत गेले. एकावर माकड, एकावर स्ट्रॉबेरी, एकावर सोनेरी स्केचपेनने भरलेला मोठा 'क'. शेरा एकही नाही.

"चल गं, आपण कोथिंबीर निवडू," म्हणत वहिनीने भाचीला आत नेलं. तिचा हा समंजसपणासुद्धा मला झोंबला.

"वाचलंस तरी का?" मी विचारलं.

"वाचलं. तू दिलंस त्याच आठवड्यात."

"मग बोलली का नाहीस?"

आईने पेन्सिल खाली ठेवली. "काय बोलू? सगळं बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणजे?"

"म्हणजे बरोबर. एकही वाक्य खोटं नाही. पण मी हे आधी वाचलंय गं. नुसतं वाचलं नाही, कोरलंय. पानापानाला तुझे बाबा बोलतायत. लग्न झाल्यापासून ते मी ऐकलं, मला ते पाठ आहे."

"आणि ती गुडघे टेकलेली बाई? ती नवीन म्हणून आवडली?"

"ती कुठे आवडली? तिचं पुस्तक आवडलं." आईने समोरच्या वेलीवरून बोट फिरवलं. "एका माणसासाठी कुणीतरी एवढं बसलं. आपण गठ्ठेच्या गठ्ठे काढले. ते सगळ्यांसाठी होते आणि ते बरोबरच होतं. पण त्यातला एक कागद माझ्यासाठी होता, असं कधी झालं नाही. एकदा मी स्टेन्सिलच्या कडेने वेल काढली होती. तुझे बाबा म्हणाले, शाई फुकट जाते. जातच होती शाई."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. सत्तावीस वर्षं आईची मुलगी असून कधी ऐकलं नव्हतं.

"वहिनीला सांगितलंस हे?" हे विचारताना माझा आवाज चिरका झाला होता, मलाच ऐकू आला.

"नाही. तिने विचारलंही नाही. तिने पेन्सिल दिली."

त्यापेक्षा सांगितलं असतं तर बरं, असं मला वाटलं. मी पानं गोळा करायला लागले. "फाडूनच टाकते सगळं."

"फाडू नकोस, पाठीवर वेली आहेत," आई घाईने म्हणाली, आणि मग आम्हा दोघींना हसू फुटलं, पण माझं लवकर संपलं.

"बस," आई म्हणाली. "आपल्या पद्धतीने बघू."

आपली पद्धत म्हणजे अशी. आमच्या घरी लिहिणाऱ्याने स्वतःचा मजकूर कधी वाचून दाखवायचा नसे. दुसऱ्याने मोठ्याने वाचायचा, लिहिणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं. वाचणाऱ्याची जीभ अडखळली की ते वाक्य गेलं. ऐकणाऱ्याने मान वर केली की ते राहिलं. बाबासुद्धा गप्प बसून राहायचे आणि सातवी नापास झालेला एखादा मागावरचा कामगार त्यांची वाक्यं अडखळत वाचायचा. आई पेन्सिल घेऊन बसायची.

"पण वाचणार कोण?" मी विचारलं आणि विचारताक्षणीच उत्तर कळलं. "वहिनी नको."

"का? अक्षरं येतात तिला."

जे कारण होतं ते तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं. आणि पद्धत मोडावी तर ती माझ्याच घरची होती.

वहिनी हात पुसत आली. "वन्सं, चुकले तर ओरडायचं नाही हं," म्हणाली. मला 'वन्सं' म्हणते ते चिडवायला.

"तिने ओरडायचंच नसतं," आई म्हणाली. "वाच तू."

वहिनी वाचू लागली, त्याच संग्रहालयातल्या आवाजात, मऊ, सावकाश. माझी वाक्यं मोर्च्यात ओरडायला केलेली होती, ती त्या आवाजात अवघडून गेली. 'शोषणव्यवस्थेतले अंतर्विरोध' इथे ती अडखळली. प्रामाणिकपणे पुन्हा वाचलं, पुन्हा अडखळली. आईची पेन्सिल फिरली. पुढच्या पानावर दोनदा फिरली. त्याच्या पुढच्या पानावर आईने आडवी रेघ मारली आणि नुसतंच "हं" म्हटलं. माझं पुस्तक माझ्यासमोर कापलं जात होतं आणि कापायला वाट करून देत होती वहिनी, कसलाही दुष्टावा न करता.

मग ती एका पानाशी आली. अल कुसैसच्या फ्लॅटबद्दलचं पान होतं, दोन लेखांच्या मध्ये चुकून राहिलेलं. त्यात मी एवढंच लिहिलं होतं की आमच्या खोलीत चौघींच्या फोनचे चार गजर आहेत. एक पहाटे फजरच्या नमाजाला उठते. एक चर्चच्या फोन ग्रुपवर जपमाळ म्हणायला. तिसरी गुरुवारी डोक्यावरून न्हाऊन दत्ताचं म्हणते. मी कुठल्याच देवाला हाक मारत नाही, पण सगळ्यांच्या गजराने मीच उठते, बाथरूमचा दिवा लावते, आणि ज्या दिवशी एखादीचा गजर वाजत नाही त्या दिवशी तिला हलवून जागी करते, "उठ, तुझ्या देवाची वेळ झाली."

वाचता वाचता वहिनीचा आवाज बदलला. ती भरभर वाचायला लागली आणि शेवटी खुदकन हसली. आईने मान वर केली.

"थांब. परत वाच."

वहिनीने परत वाचलं.

"हे कधी लिहिलंस?" आईने मला विचारलं. नियम मोडून विचारलं.

"मध्येच कधीतरी. ते काढायचंच होतं. त्यात मुद्दा नाही."

"मुद्दा बाबांकडे पुष्कळ होता. इथून सुरू कर." तिने त्या पानाच्या वर तांबडा आकडा घातला, एक. "बाकीचं मग बघू. पुढच्या वर्षी येईन तेव्हा."

मग ती वळली आणि वहिनीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "छान वाचलंस गं बाळा."

लिहिलं मी होतं. पण त्या दुपारभरात उच्चारला गेलेला एकमेव 'छान' टेबलाच्या पलीकडे गेला.

थालीपीठं खाऊन झाल्यावर वहिनी ती पानं एकावर एक नीट रचत म्हणाली, "आई, ही चित्रं मला द्याल? फ्रेम करून हॉलमध्ये लावते."

"नाही," मी म्हणाले. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. "ती माझी आहेत."

"कुठली बाजू?" आईने विचारलं.

"दोन्ही."

आईने गठ्ठा माझ्याकडे सरकवला. वहिनी आत गेली आणि प्लॅस्टिकचा एक फोल्डर घेऊन आली, बसमध्ये पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून. पानांच्या मध्ये घालायला पातळ कागदसुद्धा आणले होते तिने. त्या फोल्डरचा राग दुबई येईपर्यंत माझ्या मनातून गेला नाही.